अडतीस नंबरचा कागद

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचं काम खडू-फळ्याचं असतं, असं लोकांना वाटतं. माझं निम्मं काम डहाणूरोड स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात झालं. दुकानाचे मालक किरीटभाई. मी पायरीवर दिसलो की ते मशीनचं झाकण उघडून विचारत, "बोलो साहेब, बे बाजू के एक बाजू?"

"दोन्ही बाजू."

"केटला?"

"अठ्ठावन्न."

"साठ करी दऊं? बे तमे घरे भणजो."

वरच्या दोन तुम्ही घरी बसून शिका, असा त्याचा अर्थ. हा विनोद त्यांनी माझ्यावर सतरा वर्षं केला. मी साठ कधीच केल्या नाहीत. पटावर अठ्ठावन्न मुलं असतील तर प्रती अठ्ठावन्न. कुठला कागद कुठल्या तारखेला किती मुलांना दिला, किती परत आले, किती तपासले, याची माझ्याकडे वही आहे. आत्ताही ती समोर आहे. या लेखात आकडे येतील ते तिच्यातले आहेत. ती नसती तर मला बऱ्याच गोष्टी सोयीस्करपणे विसरता आल्या असत्या.

माझी नोकरी अठ्ठावीस वर्षांची झाली. पहिली अकरा वर्षं तलासरी तालुक्यातल्या शाळेत आणि पुढची सतरा डहाणूकडच्या शाळेत. संस्था एकच. तिचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे.

आधी कामाबद्दल सांगतो. वर्कशीट म्हणजे एक छापील कागद. त्यावर थोडा मजकूर, चार-पाच प्रश्न आणि उत्तरासाठी मोकळ्या रेघा. पाठ्यपुस्तक असताना हा कागद कशाला, असं संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं. कारण असं की, आमच्या वर्गात तीन-चार भाषा बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. नरपड-आगरकडची कोळ्यांची मुलं, बाजारातल्या दुकानदारांची घरी गुजराती बोलणारी मुलं आणि रानशेतसारख्या आतल्या गावांच्या पाड्यांवरून चालत येणारी मुलं. मराठी या सगळ्यांची बाजारातली आणि हापिसातली भाषा. इंग्रजी कुणाच्याच घरातली नाही. अशा मुलाला अख्खा धडा दिला की ते पानाकडे बघत बसतं. एका कागदावर सहा ओळी दिल्या तर निदान पेन उघडतं.

सुरुवातीला मी कागद इंटरनेटवरून उतरवून घेत असे. फुकट मिळत. एकात प्रश्न होता, तुमच्या फ्रिजमध्ये काय काय आहे ते लिहा. अठ्ठावन्नपैकी नऊ घरांत फ्रिज होता. नरपडच्या एका मुलाने बिनधास्त लिहिलं, बोंबील. खाली चित्र बर्फाच्या माणसाचं. झेरॉक्समध्ये पांढरा माणूस काळा झाला होता. तलासरीकडून येणाऱ्या एका मुलीने त्याच्याखाली लिहिलं, शेतातलं बुजगावणं. तिचं उत्तर बरोबर धरावं की चूक, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी बरोबर धरलं आणि त्या दिवसापासून स्वतःचे कागद स्वतः बनवायला लागलो.

त्यातही शिकण्यासारखं बरंच होतं. अक्षर चौदा आकाराचं हवं, कारण वर्गात दुपारनंतर उजेड कमी. चित्र रेघांचं हवं, भरीव नको. प्रतीची प्रत काढू नये, तिसऱ्या प्रतीला अक्षरांच्या पोटात शाई भरते. उत्तराची रेघ लहान मुलाच्या वाक्यापेक्षा लांब असू नये, नाहीतर उरलेल्या जागेला ते घाबरतं. माझ्या कागदांवर चिकूच्या वाडीतली तोडणी आली, मासळीबाजारातलं भावाचं भांडण आलं, एसटी चुकलेला माणूस आला. घरी रविवारी दुपारी माझी पत्नी शैला कागद जुळवून स्टेपल मारायची. ती नरपडची, बारावीपर्यंत शिकलेली. "अहो, तुमच्या कागदातली कोळीण फार गोड बोलते," ती एकदा म्हणाली. "आमच्याकडे अशी बोलली असती तर मासळी संध्याकाळपर्यंत टोपलीतच राहिली असती." मी ते वाक्य बदललं. एकूण चौसष्ट कागद झाले. दहावीचा एकही घटक सुटला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचा मी फारसा प्रयत्न केला नाही.

आता पत्रलेखन. दहावीच्या पेपरात औपचारिक पत्र येतं, आम्ही वर्गात त्याला पाच गुण धरायचो. पत्ता, तारीख, विषय, मायना, मजकूर, शेवट. मुलं ते गाइडमधून पाठ करतात. एका वर्षी मी मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला सांगितला. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मुलांनी बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली. आगरच्या एका मुलाला मी उभं केलं.

"तुला बहीण आहे का रे?"

"नाय सर."

"मग लग्न कुणाचं?"

"गाइडमधल्या ताईचं."

वर्ग हसला. मीही हसलो. पण मला राग आला होता, आणि त्या रागात मी अडतीस नंबरचा कागद बनवला. वर छापलं, 'मुख्याध्यापकांस अर्ज'. खाली मोकळ्या रेघा. एकही नमुना नाही, एकही सूचक शब्द नाही. वाटताना मी वर्गाला सांगितलं, आणि हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात : "माझ्या कागदावर खोटं लिहायचं नाही. ज्याला शाळेकडून खरंच काही हवंय, त्याने तेच मागायचं. तोंडी कुणी काही सांगू नका. लिहून द्या."

मुलांनी लिहिलं. कागद परत आले सत्तावन्न. आगरच्या त्या मुलाने मागितलं होतं की, भरतीच्या वेळेप्रमाणे होड्या लागतात त्या दिवशी शेवटचा तास माफ करावा, मासळी उतरवायला घरात माणूस नाही. एका मुलाने वर्गातल्या पंख्याबद्दल लिहिलं. एका मुलीने लिहिलं की, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. मी लाल पेन घेऊन बसलो आणि सत्तावन्न अर्ज तपासले. विषय लिहिला नाही, एक गुण कमी. मायना चुकला, अर्धा कमी. कडीच्या अर्जाला पाचपैकी तीन मिळाले. कडी तुटलेली आहे हे मला ठाऊक होतं. पुढची दोन वर्षं ती तशीच होती.

सत्तावन्न मुलांनी शाळेकडे काहीतरी मागितलं आणि त्यातला एकही कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला नाही. तो तिथे न्यायचा असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्या माणसाने 'खरं मागा' असं सांगितलं, तोच तपासायला बसला तेव्हा फक्त परीक्षक होता.

या सत्तावन्नांत रंजना होती. रानशेतच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. तोंडी विचारलं की मान खाली. लिहिताना मात्र वाक्याला वाक्य जोडत जायची. तिचा अर्ज मराठीत सांगायचा तर असा होता : "दिवाळीनंतर माझे आई-वडील वीटभट्टीवर जातील. धाकट्या भावाला सांभाळायला आणि स्वयंपाकाला मला न्यायचं म्हणतात. मी गेले तर परीक्षेला बसता येणार नाही. वसतिगृहात मला मार्चपर्यंत जागा द्यावी. मी जमिनीवर झोपेन. भाऊ आत्याकडे राहील, मी आत्याला विचारलं आहे."

शेवटच्या दोन वाक्यांपाशी मी थांबलो होतो, हे मला आठवतं. वाक्यरचना साधी आणि अचूक होती म्हणून थांबलो होतो. विषय लिहिला नव्हता. पाचपैकी चार दिले आणि समासात इंग्रजीत शेरा लिहिला, कल्पनाशक्ती चांगली.

माझा एक नियम होता. चूक सुधारून कागद पुन्हा आणून दिला तर पूर्ण गुण. बहुतेक मुलं या भानगडीत पडत नसत. त्या खेपेला सुधारलेला कागद आला फक्त एक, रंजनाचा. विषय लिहिला होता, 'वसतिगृहात जागा मिळण्याबाबत'. अक्षर आधीपेक्षा सुरेख होतं. मी पाचपैकी पाच दिले.

त्या रविवारी शैला पुढच्या घटकाचे कागद जुळवत होती. वर रंजनाचा अर्ज होता. तिने तो वाचला. सावकाश वाचला, कारण तिला इंग्रजीची सवय राहिली नव्हती.

"अहो, ही पोरगी खरंच मागतेय की काय?"

"पत्रलेखन आहे ते. नमुना."

"आत्याला विचारलंय असं कुणी नमुन्यात लिहितं?"

"चांगलं लिहिणारं लिहितं," मी म्हणालो. "म्हणून तर पाच दिलेत."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्टेपल मारला. या प्रसंगाचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. आजही काढत नाही.

पुढचं मी जास्त उत्साहाने केलं. कार्यालयाबाहेर आमच्या शाळेचा काचेचा फलक आहे. किल्ली लिपिकाकडे असते. वेळापत्रक, शिष्यवृत्तीची नावं, वसतिगृहातल्या मुलींची यादी, सगळं तिथेच लागतं. मी रंजनाच्या अर्जाची प्रत काढली आणि लिपिकाकडून किल्ली घेऊन ती काचेमागे लावली. आदर्श अर्ज म्हणून. मुलांनी येता-जाता वाचावा म्हणून. मधल्या सुट्टीत रंजना फलकासमोर उभी असलेली मी पाहिली. मला वाटलं, कौतुकाने उभी आहे.

मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पहिले चार दिवस मी प्रशिक्षणाला होतो. तिथे मला स्थानिक शैक्षणिक साहित्यावर बोलायला सांगितलं होतं. मी अडतीस नंबर दाखवला आणि रंजनाचा अर्ज वाचला. टाळ्या पडल्या. परत आलो तर वर्गात एकेचाळीस मुलं होती. हे आमच्याकडे दरवर्षी होतं. भाताची कापणी संपली, दिवाळी झाली की आतल्या पाड्यांवरची घरं कुलपं लावून भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पट कमी झाला म्हणून कुणी दचकत नाही. मी हजेरीत सतरा नावांपुढे फुल्या मारल्या. रंजनाचं नाव त्यांत होतं. पुढच्या कागदाच्या प्रती एकेचाळीस काढल्या.

बोर्डाचा फॉर्म तिचा भरलेला होता. फेब्रुवारीत प्रवेशपत्रं आली. न नेलेली बरेच दिवस कार्यालयाच्या कपाटात पडून होती. त्यावरचा तिचा फोटो मी पाहिला आणि मनात म्हटलं, हुशार मुलगी होती, घरच्यांनी नुकसान केलं. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये मोठ्यानेही बोललो.

नंतर शाळा बंद होत्या त्या काळात मोबाइलवरून शिकवायची वेळ आली. माझे चौसष्ट कागद तयारच होते. मी त्यांची पीडीएफ केली आणि दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. अडतीस नंबरच्या मागच्या बाजूला नमुना उत्तर म्हणून रंजनाचा अर्ज टाइप करून घातला. परीक्षेत खरं नाव लिहायचं नसतं, म्हणून तिचं नाव काढलं आणि त्या जागी अ. ब. क. लिहिलं. पाडा, भट्टी, आत्या, सगळं तसंच ठेवलं. त्यात आपल्याकडचं वातावरण आहे, असं मला वाटलं. ती पीडीएफ कुठे कुठे गेली याचा हिशेब मात्र माझ्या वहीत नाही. शिकवण्यांचे वर्ग चालवणाऱ्या एकाने वर स्वतःचं नाव घालून ती मलाच पाठवली, 'उपयुक्त साहित्य' म्हणून. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं. माझ्या नावासाठी वाईट वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी नरपडला मेहुण्याच्या वाडीत गेलो होतो. पाहुण्यांना चिकूची पेटी पाठवायची होती. शेडमध्ये सात-आठ बाया चिकू निवडत बसल्या होत्या. मोठा, मध्यम, बारीक, असे तीन ढीग. त्यातली एक मान वर न करता म्हणाली, "सर, ओळखलं नाय ना?"

"चेहरा ओळखीचा आहे."

"अडतीस नंबर."

मला वाटलं, हजेरीतला नंबर सांगते आहे. मी आठवू लागलो.

"हजेरीतला नाय," ती हसली. "तुमच्या पीडीएफमधला. भावाच्या मोबाइलवर आला होता. तलासरीला शिकतो ना तो आता, आत्याकडं राहून. मला म्हणतो, ताई, हे पाठ करून दाखव. मी बघितलं तर माझाच अर्ज. नाव तेवढं काढलेलं."

बाकीच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "अगं, मग पैसे माग सरांकडं." रंजनाही हसली. हात चिकूवर चालूच होता. मी उभाच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "परीक्षेला का बसली नाहीस तू? लिहायचीस इतकं चांगलं."

आता तिने मान वर केली. तिला माझा प्रश्न खरोखर कळला नव्हता.

"अर्ज दिला होता ना सर."

मग तिने सांगितलं. तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. एखाद्याने जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं, म्हणून मला ते आजही नीट आठवतं.

"पहिल्यांदा चार मिळाले. मला वाटलं, एक चूक आहे म्हणून पुढं गेला नाय. मग विषय लिहून परत दिला. पाच मिळाले. मग तुम्ही बोर्डावर लावलात. वसतिगृहाची यादी तिथंच लागते ना. मला वाटलं, झालं काम. मी आईला सांगितलं, मला जागा मिळाली, बोर्डावर लागलंय. आई म्हणाली, मग राहा तू. भाऊ आत्याकडं. ती दोघं गेली भट्टीवर. शाळा उघडली त्या दिवशी मी पिशवी घेऊन वसतिगृहात गेले. बाई म्हणाल्या, तुझं नाव नाय. मी म्हटलं, बोर्डावर आहे. त्यांनी येऊन बघितलं. म्हणाल्या, हा तर इंग्रजीचा कागद आहे. कुणी सांगितलं तुला जागा मिळाली म्हणून? मी म्हटलं, सरांनी. तुम्हाला शोधलं सर. तुम्ही नव्हता."

चार दिवसांतला पहिला दिवस. मी टाळ्या घेत होतो.

"दोन रात्री आत्याकडं राहिले. तिच्याकडं आधीच भाऊ होता, तिची चार. तिसऱ्या दिवशी काका निघाला भट्टीवर, त्याच्याबरोबर गेले."

"मला सांगायचं होतंस गं. आधी, तोंडी."

"तुम्हीच म्हणालात ना, तोंडी नको, लिहून द्या."

मी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरू या म्हणालो. शाळा सुटलेल्यांना त्या फॉर्मवर बाहेरून दहावीला बसता येतं. म्हटलं, मी शिकवतो, कागद आणून देतो. कागद हा शब्द तोंडातून गेल्यावर मला कसंतरी झालं. ती म्हणाली, "आता नको सर. मुलगी दोन वर्षांची आहे. तिचं करू." मग मेहुण्याने पेटी आणली. रंजनाने वरचे दोन चिकू दाबून पाहिले, एक बदलला आणि म्हणाली, "हा उद्या पिकेल. बाकीचे चार दिवसांनी. पाहुण्यांना सांगा." मी त्या पाहुण्यांना काहीच सांगितलं नाही. पेटी तशीच पाठवली.

घरी येऊन शैलाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेवून घ्या." मला वाटतं, याहून कडक काही बोलायला तिच्याकडे होतं.

मी त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पहिली, दोन्ही तालुक्यांच्या ग्रुपवर लिहिलं की अडतीस नंबरचं नमुना उत्तर काढून टाकावं, ते एका विद्यार्थिनीचं खरं पत्र आहे. उत्तरादाखल तेवीस अंगठे आले. एकाने लिहिलं, 'हृदयस्पर्शी'. एकाने लिहिलं, 'सर, बाकी त्रेसष्टची पण उत्तरं असतील तर टाका'. अर्ज अजून फिरतो आहे. दरवर्षी मुलं तो पाठ करतात आणि पाचपैकी पाच मिळवतात. रंजना सोडून तो सगळ्यांच्या कामाला आला.

दुसरी गोष्ट, मी अडतीस नंबरच्या कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली, मराठीत : 'हे खरं आहे का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. जिथे 'हो'वर खूण असेल तो कागद मी आधी वाचतो, गुण न देता. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सहा. या दहांतले तीन मी मार्गी लावू शकलो. एक चष्मा, एक दाखल्यावरची जन्मतारीख आणि मुलींच्या संडासाची कडी, जी एव्हाना तिसऱ्यांदा तुटली होती. उरलेल्या सातांत मला अपयश आलं. त्यांतले पाच भट्टीचे होते. वसतिगृहात जागा चाळीस आहेत आणि दिवाळीनंतर एखादी मुलगी गळाली तरच रिकामी होते. नव्या मुख्याध्यापकांनी मला एकदा सुचवलं की, हे चौकोन पेपरच्या आराखड्यात बसत नाहीत. मी म्हटलं, बसत नाहीत. काढले मात्र नाहीत.

या वर्षी कागद दिले बावन्न, परत आले बावन्न. 'हो'वर खुणा दोन. एक खूण सायकलसाठी होती. दुसरा कागद उघडला आणि माझी नजर पहिल्या ओळीवरच अडकली. रंजनाचा अर्ज. भट्टी, जमिनीवर झोपेन, आत्या, सगळं शब्दाला शब्द. शेवटी अ. ब. क. सुद्धा तसंच. ते खोडून वर नाव लिहिलं होतं, सुनीता. ही मुलगी तलासरीच्या हद्दीजवळच्या पाड्यावरून येते. मला पहिल्यांदा रागच आला. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं.

"हे मोबाइलवरून उतरवलंस ना?"

"हो सर."

"मग खाली 'हो' कशाला? खोटी खूण का केलीस?"

ती हळूच म्हणाली, "खूण खोटी नाय सर. अर्ज कॉपी केलाय. आमचं पण तसंच आहे. त्यात बरोबर लिहिलंय, म्हणून नवीन नाय लिहिला."

"आणि आत्या?"

"आत्या नाय. मामी आहे. पण त्यात आत्या होती म्हणून आत्याच ठेवली. मामीला विचारलंय मी."

मी लाल पेन खिशात ठेवलं, कागद उचलला आणि तसाच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. नऊ वर्षांनी तो अर्ज, ज्या खुर्चीच्या नावाने लिहिला होता, त्या खुर्चीपुढे पोचला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग मान डोलावली.

"वा. इंग्रजी चांगलं आहे हो मुलीचं."

"इंग्रजी रंजनाचं आहे," मी म्हणालो. "या मुलीला जागा हवी आहे."

"कोण रंजना?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना हे सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. त्यांनी ऐकून घेतलं. कागद काचेच्या गोळ्याखाली ठेवला आणि म्हणाले, बघू या, कुणी गळालं तर.

हा लेख संपादकांकडे जाईपर्यंत वसतिगृहाची यादी लागलेली नाही. दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या सकाळी ती काचेमागे लागेल. त्या आठवड्यात प्रशिक्षण आहे आणि माझं नाव त्यात होतं. मी ते काढून घेतलं आहे. सुनीताला सांगून ठेवलं आहे की, पिशवी घेऊन येशील तेव्हा आधी फलकापाशी ये, मी तिथे उभा असेन. नाव असलं तरी आणि नसलं तरी.